मुलींचीं जुनीं नांवें

घरांत मुलगी जन्मास आली कीं बाराव्या दिवसाच्या आंत एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो सोडविण्यास घरांतील लहानथोर सारींच माणसें पुढें सरसावतात. पूर्वीं हा प्रश्न फारसा अवघड नसे. आजीचें किंवा पणजीचें नांव हाताशीं असे, नाहींतर कुलदेवतेचें असे. आत्या पाळण्याशीं वांकून तें बाळाच्या कानांत सांगे, घुगऱ्या वांटल्या जात आणि बारसें पार पडे. आजच्या शहरी घरांत हें काम इतकें सोपें राहिलेलें नाहीं. नांव शाळेच्या वर्गांत दुसऱ्या कोणाचें नसावें, पण ऐकणारास परकें वाटूं नये. जुनें असावें, पण जुनाट वाटूं नये. लहान असावें, पण त्याला कांहीं अर्थ असावा, अशा नाना अटी आईबाप घालतात. या अटींतून वाट काढतां काढतां पुष्कळ घरें पणजीच्या पिढीपर्यंत मागें जाऊन पोंचलीं आहेत. रमा, मुक्ता, राधा, सई, जाई, ओवी अशीं नांवें आतां पुन्हां पाळण्यावर ऐकूं येतात. यांतील ओवी हें नांव पणजीच्या काळीं बहुधा कोणाचेंच नव्हतें; पणजी जात्यावर ओव्या म्हणत असे, एवढाच त्याचा जुनेपणा. परंतु तेवढाहि आज पुरतो.

जुनें नांव निवडणाराच्या मनांत अशी कल्पना असते कीं, हें नांव पूर्वीं कोणीतरी जन्मापासून मरेपर्यंत वागविलें आणि आतां तें आपल्या मुलीस वारशानें मिळत आहे. पुरुषांच्या नांवांपुरती ही कल्पना बरोबर आहे. स्त्रियांच्या नांवांचा इतिहास निराळा आहे. महाराष्ट्रांत मुलीचें नांव ठेवणारे हात अनेक होते, तें पुसणारेहि अनेक होते. आणि कांहीं मुलींच्या वांट्यास तर असें नांव येई कीं त्यापेक्षां बिननांवाचें राहणें बरें. हा इतिहास ठाऊक असला तर जुन्या नांवाची निवड थोडी निराळ्या दृष्टीनें होईल.

शास्त्रकारांनीं या विषयांत बरेंच लक्ष घातलेलें आहे. मुलाच्या नांवाचीं अक्षरें सम असावीं आणि मुलीच्या नांवाचीं विषम असावीं, असा नियम आश्वलायन गृह्यसूत्रांत आढळतो. पारस्कर गृह्यसूत्र त्यास आणखी एक अट जोडतें कीं मुलीचें नांव आकारान्त असावें. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत स्त्रीचें नांव सुखानें उच्चारतां येणारें, कठोर नसलेलें, स्पष्ट अर्थाचें, मनोहर, मंगल, शेवटीं दीर्घ स्वर असलेलें आणि आशीर्वाद सुचविणारें असावें असें सांगितलें आहे. यांत कोणास वावगें वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्याच स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत विवाहास कोणती कन्या वर्ज्य समजावी याची एक यादी आहे. आणि तींत नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा सर्प यांचें नांव धारण करणारी कन्या स्पष्ट शब्दांत वर्ज्य ठरविली आहे.

आतां ही यादी हातांत घेऊन एखाद्या मराठी घराण्याची वंशावळ चाळावी. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा, सरस्वती या साऱ्या नद्या. रोहिणी आणि रेवती हीं नक्षत्रें. तुळसा हें झाड. मैना आणि चिमणा हे पक्षी. मनूचा नियम अक्षरशः पाळला गेला असता तर महाराष्ट्रांतील निम्म्या मुलींना वर मिळाला नसता. विषम अक्षरांच्या नियमाचीहि तीच गत झाली. यमुना आणि सावित्री त्यांत बसतात. पण सीता, राधा, रमा, उमा हीं दोन अक्षरांचीं आणि गोदावरी, भागीरथी, सरस्वती हीं चार अक्षरांचीं नांवें बसत नाहींत. नियम पोथींत राहिले आणि आयाबायांनीं आपणांस आवडलें तें नांव ठेवलें. त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें वाटत नाहीं. ज्या घरास काशीयात्रा साधण्यासारखी नव्हती त्या घरांत काशी म्हणून हांक मारण्याला एक वेगळाच अर्थ होता. देहूच्या तुकारामबुवांच्या मुलींचीं नांवें काशी, भागीरथी आणि गंगा अशीं होतीं. दुष्काळानें आणि कर्जानें गांजलेल्या त्या घरांत तिन्ही तीर्थें अंगणांत खेळत होतीं.

ग्रंथांतील नियमांपेक्षां लेण्यांतील दगड या बाबतींत अधिक मोकळेपणानें बोलतात. कोंकणांतून देशावर चढणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर, जुन्नरजवळच्या नाणेघाटांत, सातवाहनांचें एक लेणें आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तेथें राजघराण्यांतील माणसांच्या मूर्ती कोरल्या गेल्या आणि प्रत्येक मूर्तीवर तिचें नांव घातलें गेलें. मूर्ती नाहींशा झाल्या, नांवें मात्र राहिलीं. त्यांत सातकर्णीच्या राणीचें नांव नायनिका असें आहे. विद्वान् त्याचें संस्कृत रूप नागनिका असें करतात. म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासांतील पहिल्या ख्यातनाम राणीचें नांवच त्या पुढील काळांतील स्मृतीच्या यादींत वर्ज्य ठरणारें होतें.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर स्त्रियांच्या नांवांचा एक लहानसा संग्रहच आहे. तेथें नहपान क्षत्रपाची कन्या व उषवदाताची पत्नी दखमित्रा, म्हणजे दक्षमित्रा, हिच्या दानाचा लेख आहे. चैत्यगृहाच्या लेखांत महाहकुसिरीची नात भटपालिका आहे. अभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखांत विष्णुदत्ता नांवाची उपासिका आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं तिनें कायमची ठेव ठेवली. ही विष्णुदत्ता स्वतःस शकनिका म्हणविते. दखमित्राहि शकांच्याच घरांतली. परदेशांतून आलेलीं हीं घराणीं येथें किती रुजलीं होतीं हें त्यांच्या राज्यविस्तारावरून जितकें कळतें, तितकेंच त्यांच्या लेकींच्या नांवांवरूनहि कळतें. आज कोणी आपल्या मुलीचें नांव भटपालिका ठेवील असें नाहीं. सर्वच जुनीं नांवें परत येत नाहींत, आणि यावींत असाहि आग्रह नसावा.

त्याच लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी, आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावि. मातेवरून पुत्राची ओळख सांगणारा हा प्रघात पाहून पुष्कळांना सातवाहनांचें मोठें कौतुक वाटतें. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. गौतमी आणि वासिष्ठी हीं त्या स्त्रियांचीं स्वतःचीं नांवें नव्हेत. तीं त्यांच्या पितृकुळाच्या गोत्रांवरून आलेलीं आहेत. बलश्री हें त्या राजमातेचें स्वतःचें नांव. आणि तें आज ठाऊक आहे तें तिच्या मुलाच्या बिरुदांतून नव्हे, तर तिनें स्वतः दिलेल्या दानाच्या लेखामुळें.

मराठी भाषा ग्रंथांत उतरूं लागली त्या तेराव्या शतकांत नांवांचा निराळाच थाट दिसतो. चक्रधरस्वामींच्या लीळाचरित्रांत महदाइसा, आउसा, उमाइसा, बाइसा, देमाइसा अशा बायका पानोपानीं भेटतात. महदाइसा म्हणजेच धवळ्यांची कर्ती महदंबा. मराठींतील आद्य कवयित्री म्हणून तिचें नांव घेतात. या ‘आइसा’ प्रत्ययांत आई आहे आणि आदरहि आहे. पुढें तो प्रत्यय मागें पडला व नुसतें ‘आई’ राहिलें. नामदेवांच्या घरांत आई गोणाई, पत्नी राजाई, आणि चार सुना लाडाई, गोडाई, येसाई व साखराई. लाड, गोडी आणि साखर एका चुलीभोंवतीं जमलेली पाहून मनास मौज वाटते. मात्र इतक्या एका मेळाचीं नांवें निरनिराळ्या घरांतून केवळ योगायोगानें आलीं असतील हें संभवत नाहीं. सासरीं आल्यावर तीं ठेवलीं गेलीं असावींत असें मानण्यास जागा आहे; आणि हा धागा पुढें लागणारा आहे.

त्याआधीं एका मायलेकींच्या नांवांकडे पाहणें अगत्याचें आहे. शिवाजीमहाराजांच्या प्रथम पत्नी सईबाई. त्या १६५९ सालीं राजगडावर वारल्या. त्यांच्या कन्या सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई. संस्कृतांतील सखी हा शब्द प्राकृतांत सही झाला आणि मराठींत सई. त्याच सखी शब्दाला घरगुती मराठींत ‘ऊ’ लागला आणि सखू झाली. जशी गंगेची गंगू, गोदावरीची गोदू, यमुनेची यमू. म्हणजे आई सई आणि मुलगी सखू. दोघींच्या नांवाचा अर्थ एकच, मैत्रीण. आज तीनशें साठांहून अधिक वर्षांनीं सई हें नांव पुण्यामुंबईच्या घराघरांत हौसेनें ठेवलें जातें. सखू मात्र कोणी ठेवीत नाहीं. कऱ्हाडच्या संत सखूचें नांव सर्वांस ठाऊक असूनहि ठेवीत नाहीं.

याचें कारण अर्थांत नाहीं आणि इतिहासांतहि नाहीं. मधल्या काळांत गंगू, सखू, ठकू हीं नांवें शहरांतील मंडळींनीं भांडीं घासणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायकांपुरतीं राखून ठेवलीं. पुढें नाटकासिनेमांतील मोलकरणींनाहि तींच मिळालीं. सई हें नांव तेवढा काळ वापरांतून जवळजवळ गेलेलें असल्यामुळें त्यास तो डाग लागला नाहीं. जुन्या नांवाची आवड ही पुष्कळदां अशी निवडक असते. जें नांव कष्टकरी घरांत अखंड चालूं राहिलें तें जुनाट ठरतें, आणि जें सुशिक्षित घरांतून एकदां नाहींसें झालें तेंच दुर्मिळ म्हणून परत येतें. बहिणाबाई हें नांव पाहा. १६२८ सालीं जन्मलेली तुकारामशिष्या बहिणाबाई कवयित्री, आणि १८८० सालीं जन्मलेली जळगांवची बहिणाबाई चौधरी हीहि कवयित्री. अडीचशें वर्षें हें नांव खेड्यापाड्यांत तुटलें नाहीं. मराठी कवितेंत याहून थोर जोडी दाखवितां येणें कठीण. परंतु बहिणा नांवाचें बाळ आज शहरांत शोधून सांपडणार नाहीं.

आतां सासरच्या नांवाकडे वळावें. मराठी ब्राह्मण घरांत आणि इतर अनेक जातींत लग्नाच्या वेळीं ताटांत तांदूळ पसरून त्यावर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल होती, आणि कांहीं घरांत ती अद्यापि आहे. हें नांव वराकडील मंडळी ठरवीत. शक्य तेथें तें वराच्या नांवास जुळणारें असे. नारायणास लक्ष्मी, शंकरास पार्वती, माधवास रमा. ज्या क्षणीं तें तांदळांवर उमटे त्या क्षणापासून माहेरचें नांव सासरीं कोणी उच्चारीत नसे. आणि नव्या नांवाचा तरी उच्चार किती होई? नवरा बायकोस नांवानें हांक मारीत नसे, धाकटे दीर वहिनी म्हणत, मुलें झालीं कीं ती अमक्याची आई होई. मुलगी आठनऊ वर्षांची असतांना लग्न होई. त्यामुळें आईबापांनीं हौसेनें ठेवलेलें नांव तिच्या वांट्यास तेवढींच आठनऊ वर्षें येई.

या चालीची व्याप्ति किती होती हें एकोणिसाव्या शतकांतील कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रांवरून समजतें. झांशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मणिकर्णिका. काशीच्या प्रसिद्ध घाटाचें हें नांव. स्मृतिचित्रें लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याहि माहेरच्या मनकर्णिका, घरच्यांच्या मनू. त्यांचे पति नारायण वामन टिळक, त्यामुळें लक्ष्मीनारायणाचा जोडा आपोआप जमला. १८६५ सालीं जन्मलेली यमुना वयाच्या नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी यांची पत्नी होऊन आनंदी झाली, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आनंदीबाई जोशी या नांवानें तिला मिळाली. न्यायमूर्ति रानडे यांच्याशीं १८७३ सालीं लग्न झालेली कुर्लेकरांची मुलगीहि यमुनाच. ती रमा झाली. न्यायमूर्तींना सारें जग माधवराव म्हणे. त्यांच्यापूर्वीं शंभर वर्षें शनिवारवाड्यांत माधवराव आणि रमाबाई अशीच जोडी होऊन गेली होती. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला तो गोदूबाई या विधवेशीं; रूढि मोडून झालेल्या त्या लग्नांतहि नांव बदलण्याची रूढि मात्र मोडली नाहीं, आणि गोदूची आनंदी झाली. पुढें त्या साऱ्या महाराष्ट्रास बाया कर्वे म्हणून ठाऊक झाल्या, ही गोष्ट वेगळी. हरि नारायण आपट्यांनीं बालविवाहाचें आणि सोंवळ्यांतल्या विधवेचें दुःख ज्या मुलीच्या तोंडून सांगविलें ती ‘पण लक्षांत कोण घेतो’ मधील यमू, हीहि यमुनाच.

दोन यमुना, एक गोदावरी, दोन मणिकर्णिका. मनूनें नदीचें नांव असलेली मुलगी वर्ज्य सांगितली. महाराष्ट्रानें मुलगी वर्ज्य केली नाहीं, तिचें नांव तेवढें काढून घेतलें. हीं नांवें बदलणाऱ्यांच्या मनांत मनूचें वचन असेल असें मुळींच नाहीं. परंतु परिणाम पाहतां नद्यांचीं हीं नांवें माहेरच्या उंबऱ्याशींच आटलीं. आज रमा हें नांव जुनें म्हणून आवडीनें ठेवतांना हें जाणणें बरें कीं मागील पिढ्यांतील कितीतरी रमा या मूळच्या यमुना, गोदा किंवा काशी होत्या.

या चालीची परमावधि बडोद्याच्या राजवाड्यांत दिसते. सयाजीराव गायकवाड यांच्या पहिल्या राणी तंजावरच्या लक्ष्मीबाई. लग्नांत त्यांचें नांव चिमणाबाई ठेवलें गेलें. त्या १८८५ सालीं वारल्या. त्याच वर्षीं महाराजांचें दुसरें लग्न देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईशीं झालें. आणि त्यांचेंहि नांव चिमणाबाईच ठेवण्यांत आलें. म्हणून इतिहासांत त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या चिमणाबाई असें म्हणावें लागतें, जसें एखाद्या गादीवरील राजांना म्हणतात. ज्या दुसऱ्या चिमणाबाईंनीं स्त्रियांच्या शिक्षणासाठीं पुढें एवढें काम केलें, त्यांनीं तें दुसरीच्या नांवानें केलें. उलट पंडिता रमाबाईंचें उदाहरण आहे. त्यांना वडिलांनीं दिलेलें रमा हेंच नांव शेवटपर्यंत त्यांचें राहिलें, आणि १८८१ सालीं झालेल्या आपल्या मुलीचें नांव त्यांनीं मनोरमा असें ठेवलें. त्या काळीं मराठी घरांत हें नांव विरळाच ऐकूं येई. आईचें सबंध नांव मुलीच्या नांवांत सामावलें गेलें आहे, आणि तरी मुलीचें नांव तिचें स्वतःचें आहे.

इतका वेळ ज्या नांवांची चर्चा झाली तीं निदान प्रेमानें किंवा मानानें ठेवलेलीं होतीं. परंतु जुन्या नांवांच्या पेटींत तळाशीं आणखीहि कांहीं नांवें आहेत, आणि तीं पाहिल्यावांचून पेटी बंद करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्यांचीं मुलें जगत नसत ते मुलाचें नांव दगडू किंवा धोंडू ठेवीत. हेतु हा कीं दृष्ट लागूं नये आणि पोर जगावें. मुलीवर मुली झाल्या म्हणजे शेवटच्या मुलीचें नांव नकुशी ठेवीत. हेतु हा कीं ती नको आहे हें दैवास कळावें आणि पुढला मुलगा व्हावा. वरवर दोन्ही नांवें सारखींच ओबडधोबड, पण एकांत पोर जगावें अशी धडपड आहे आणि दुसऱ्यांत तें आलेंच कां अशी तक्रार आहे. अनाथांची माय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सिंधुताई सपकाळ यांचा जन्म १९४८ सालचा, वर्धा जिल्ह्यांतला. लहानपणीं त्यांना चिंधी म्हणत. फाटक्या कापडाचा तुकडा, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

हीं नांवें फार जुन्या काळचीं नव्हेत. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा येथें जिल्हा परिषदेनें एक समारंभ केला, आणि नकुशी किंवा तशाच अर्थाचें नांव असलेल्या २८५ मुलींचें नव्यानें नामकरण झालें. प्रत्येकीस नव्या नांवाचें प्रमाणपत्र दिलें गेलें. कोणी सिनेतारकेवरून ऐश्वर्या हें नांव घेतलें, कोणी वैशाली, कोणी सावित्री. सावित्री हें त्यांतलें सर्वांत जुनें. आणि सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव नायगांव याच जिल्ह्यांतलें. आत्येनें कानांत सांगितलेलें नव्हे, सासऱ्यानें तांदळांवर लिहिलेलेंहि नव्हे. हें नांव त्या मुलींनीं स्वतः मागून घेतलें होतें. नामकरणाच्या इतिहासांत असा प्रसंग क्वचितच सांपडेल. मात्र त्याच वर्षींच्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें ८९४ मुली आढळल्या. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालींच केला होता, आणि १९९४ सालीं तसा कायदा साऱ्या देशासाठीं झाला. नकुशी नांवाची मुलगी निदान जन्मास तरी आली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठी मुलींचीं नांवें झपाट्यानें बदललीं, त्याचें पुष्कळसें श्रेय रंगभूमीस दिलें पाहिजे. देवलांचें शारदा १८९९ सालचें, खाडिलकरांच्या मानापमानांतील भामिनी १९११ सालची, गडकऱ्यांच्या एकच प्यालांतील सिंधू १९१९ सालची. भामिनी आणि सिंधू बालगंधर्वांनीं रंगविल्या, आणि नाटक पाहून आलेल्या घरांना पणजीचें नांव एकाएकीं जड वाटूं लागलें. गडकऱ्यांच्या लतिका, मालती, वसुंधरा यांनीं त्यांत भर घातली. पुढें मामा वरेरकरांनीं शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या मराठींत आणल्या, तेव्हां बंगाली वळणाचीं नांवेंहि कानांना सरावलीं. एक गंमत येथें सांगण्याजोगी आहे. बालविवाहास आळा घालणारा १९२९ सालचा कायदा हरबिलास सारडा यांच्या नांवावरून ओळखला गेला. मराठींत तो शारदा कायदा झाला, आणि म्हाताऱ्याशीं लग्न लागतां लागतां वांचलेल्या देवलांच्या शारदेशीं त्याचें नातें आयतेंच जुळलें. या कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय चौदा ठरविलें. माहेरच्या नांवाचें आयुष्यहि तेवढेंच वाढलें.

शाळा, परीक्षा, प्रमाणपत्र, नोकरी यांनीं तें आणखी वाढविलें. ज्या नांवानें मॅट्रिकचा दाखला मिळाला तें नांव तांदळांवर पुसून टाकणें अवघड होऊं लागलें. शिकलेल्या मुलींनीं प्रथम माहेरचें नांव राखलें, पुढें कांहींनीं आडनांवहि राखलें. म्हणून आज पणजीचें नांव घेणाऱ्या मुलीची स्थिति पणजीहून अगदीं निराळी आहे. पणजीची गोदा नऊ वर्षें टिकली. पणतीची गोदा, तिची इच्छा असेल तर, जन्मभर टिकेल.

या गोष्टीस सरकारी कागदांतहि आतां एक नवी जोड मिळाली आहे. १ मे २०२४ या दिवशीं किंवा त्यानंतर महाराष्ट्रांत जन्मलेल्या मुलामुलींच्या दाखल्यांत प्रथम स्वतःचें नांव, नंतर आईचें, नंतर वडिलांचें आणि शेवटीं आडनांव, असा क्रम राज्य शासनानें ठरविला आहे. गौतमीपुत्राच्या काळीं मातेचें गोत्र पुढें येई. येथें तिचें स्वतःचें नांव येतें. त्यामुळें नांव निवडणाऱ्या घरांत एक नवीनच विचार सुरू झाला आहे. मुलीच्या नांवास आतां आईचें नांव लागूनच उच्चारावयाचें असतें, तेव्हां दोन्हींचा मेळ कानांना बरा लागतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. आणि मौज अशी होते कीं आई १९८० किंवा १९९० च्या सुमारास जन्मलेली, नांवाची स्वाती, अश्विनी किंवा वैशाली. आणि तिच्या नांवाच्या आधीं मुलगी येते ती रमा, मुक्ता किंवा गोदा. दाखल्यावरील नांवें वाचून यांतील आई कोण आणि मुलगी कोण हें ओळखूं म्हटलें, तर परगांवचा कारकून बहुधा मुलीसच आई समजेल.